डिकीतली रंगपेटी

पत्र

‘ताई, मी कर्नाटकातल्या निपाणी भागातल्या एका खेड्यातला. वय ४४. दीड एकर ऊस आणि थोडी तंबाखू. घरात आई, मी, माझी बायको, आमची दोन मुलं, धाकटा भाऊ, त्याची बायको आणि त्यांची सात वर्षांची मुलगी असे एकत्र होतो. डिसेंबरात भाऊ गेला. पाच महिने होत आले.

त्या दिवशी सकाळी मी निपाणीला बाजारला गेलो होतो. आईच्या साखरेच्या गोळ्या आणायच्या होत्या, विसरलो. रात्री आठला आठवलं. त्या आठवड्यात शेतीची थ्री फेज लाईट रात्रीची होती, मला उसाला पाणी पाजायला जायचं होतं. भाऊ नुकताच कामावरून आला होता, जेवलाही नव्हता. त्याला म्हटलं, जाऊन ये की जरा. येताना वळणावर उसाची डबल ट्रॉली पंक्चर होऊन उभी होती. मागं दिवा नाही, रेडियम नाही. तो मागून धडकला. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

गाडीच्या डिकीत गोळ्यांचं पाकीट होतं आणि पोरीनं सांगितलेली रंगपेटी होती. गोळ्या आईला दिल्या. रंगपेटी कपाटात तशीच आहे. पोरगी मागत नाही. आता ती काहीच मागत नाही.

खरं तर आईच्या गोळ्या अजून दोन दिवस पुरल्या असत्या. डब्यात एक पट्टी होती, ती नंतर सापडली. हे आणि सकाळी मी विसरलो होतो हे घरात कुणाला माहीत नाही. भावजयीला वाटतं, तो आपणहून गेला.

भावाच्या मागं केलेल्या जलदानाच्या कार्यक्रमात एक वक्ते म्हणाले, बुद्धाचा धम्म कार्यकारणाचा आहे, कारणाशिवाय काही घडत नाही, हे असलं की ते होतं. तेव्हापासून डोक्यात तेच. मी पाठवलं नसतं तर तो गेला नसता. मग कारण मीच ना? आत्या म्हणते, पोरीच्या आईचंच मागच्या जन्माचं काहीतरी असणार. ते ऐकवत नाही. पण तिचा दोष नाही म्हटलं की उरतो मीच. झोप नाही. त्या वळणावरून जात नाही, लांबच्या वाटेनं जातो. कधी रात्री पाणी पाजताना विहिरीच्या काठावर उभा राहिलो की पाय निघत नाही. भावजयीला सांगावं का? आणि धम्म खरंच मला कारण ठरवतो का?’

उत्तर

दादा,

आधी विहिरीचं बोलू. तुम्ही ते एका ओळीत लिहून पुढं गेलात, मला पुढं जाता आलं नाही. आजपासून रात्री पाणी पाजायला एकट्यानं जाऊ नका. थोरल्या मुलाला घ्या, शेजारच्या शेतकऱ्याला घ्या. सोबत हवी आहे, एवढं सांगितलं तरी माणसं येतात. ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, चोवीस तास, फुकट. तिथं मराठीतही बोलता येतं आणि कन्नडमध्येही. आणि एकदा बेळगावला जाऊन सरकारी जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचाराच्या डॉक्टरांना भेटा. पाच महिने न झोपलेल्या माणसाचं डोकं त्याला खरं सांगत नाही. आईला साखरेसाठी गोळी लागते, तशी झोपेसाठी तुम्हाला काही दिवस लागली तर त्यात कमीपणा कसला?

दुसरी गोष्ट मुदतीची. पत्र हाती आलं त्याच दिवशी हे मी तुम्हाला फोनवर सांगितलं, पण इतर वाचकांसाठी इथंही लिहिते. रस्ते अपघाताच्या नुकसानभरपाईचा अर्ज अपघातापासून ६ महिन्यांच्या आत करावा, अशी मुदत एप्रिल २०२२ पासून कायद्यात आली आहे. अर्ज मोटार अपघात न्यायाधिकरणात करायचा. तुम्ही राहता त्या भागातल्या किंवा अपघात झाला त्या भागातल्या, कुठल्याही न्यायाधिकरणात चालतो. बाईमाणसाला उत्पन्न कितीही असलं तरी विधी सेवा समितीकडून वकील मोफत मिळतो, हा तिचा हक्क आहे. फिर्याद आणि पंचनामा कन्नडमध्ये असतील, तर अर्थ कळल्याशिवाय कुठंही सही करू नका, भावजयीलाही करू देऊ नका. निपाणीत दोन्ही भाषा वाचणारे वकील आहेत. समजावून घ्या, मग सही.

आता तुमचा प्रश्न.

वक्त्यांनी तुम्हाला जे ऐकवलं ते खरंच आहे. पालीत ते असं आहे: ‘इमस्मिं सति इदं होति, इमस्सुप्पादा इदं उप्पज्जति. इमस्मिं असति इदं न होति, इमस्स निरोधा इदं निरुज्झति.’ हे असलं की ते होतं, हे उपजलं की ते उपजतं. हे नसलं की ते होत नाही, हे थांबलं की ते थांबतं. पण तुमच्या कानात त्यातला पहिला अर्धाच राहिला, आणि त्यातही एक शब्द तुम्ही पदरचा घातला. तो शब्द म्हणजे ‘मी’. ‘मी असलो म्हणून ते झालं.’ मूळ वचनात ‘मी’ नाही, ‘तो’ नाही, ‘कोण’ नाही. ‘हे’ आहे आणि ‘ते’ आहे.

हा शब्दांचा खेळ नाही. संयुत्त निकायात, म्हणजे पाली सुत्तांच्या एका संग्रहात, फग्गुन नावाच्या एका भिक्खूची गोष्ट आहे. बुद्ध त्याला एकामागून एक गोष्ट कशी उपजते ते सांगत होते, आणि तो सारखा विचारत होता, ‘भन्ते, स्पर्श कोण करतं? वेदना कोण भोगतं? तृष्णा कोण धरतं?’ प्रत्येक वेळी बुद्धांनी सांगितलं, हा प्रश्नच बरोबर नाही. ‘कशाच्या योगानं वेदना होते’ असं विचार. मग त्याचं उत्तर आहे.

‘कोणामुळं’ आणि ‘कशामुळं’, दादा. आपल्या तोंडी हे दोन्ही शब्द एकाच दमात येतात. पण ‘कोणामुळं’चं उत्तर मिळालं की माणूस थांबतो, त्याला गुन्हेगार सापडलेला असतो. ‘कशामुळं’ विचारणाऱ्याला थांबता येत नाही. त्याला मोजत जावं लागतं.

तुम्ही शेतकरी, हे तुम्हाला माझ्याहून जास्त कळतं. उसाची कांडी लावली, तिच्या डोळ्यातून कोंब आला. कोंब कशामुळं आला? डोळा होता म्हणून. पण तोच डोळा कोरड्या ढेकळात टाकला तर? पाणी तुंबलेल्या सरीत कुजला तर? डोळा हा हेतू, म्हणजे मूळ कारण. ओल, ऊब, भुसभुशीत माती हे प्रत्यय, म्हणजे साथ देणाऱ्या गोष्टी. सगळे जुळले तर कोंब, एखादा निसटला तर नाही. धम्मात ‘हेतू-प्रत्यय’ हा जोडशब्द येतो तो यासाठी. नुसतं ‘कारण’ म्हटलं की एकच काहीतरी डोळ्यांपुढं येतं.

तर मोजूया. ट्रॉलीच्या मागं दिवा नव्हता. का नव्हता? हंगामात या ट्रॉल्या फडात उतरतात, ट्रॅक्टरपासून मागं गेलेली वायर पाल्यात अडकून तुटते, बल्ब फुटतो, आणि गाळप संपेपर्यंत कुणी दुरुस्त करत नाही. दिवा असला तरी मोळ्या मागं इतक्या लोंबतात की तो झाकून जातो. ड्रायव्हरला पैसे खेपेवर मिळतात, जितक्या खेपा तितके पैसे, मग दिवा जोडायला थांबणार कोण? कारखान्याच्या वजनकाट्यापुढं ट्रॉल्यांची रांग असते, तोडलेला ऊस उन्हात वाळला की वजन घटतं, म्हणून सगळ्यांनाच घाई. रेडियम लावणं नियमानं बंधनकारक आहे आणि तपासायची जबाबदारी ज्यांची आहे त्यांनी ते त्या ट्रॉलीपुरतं तरी तपासलेलं नव्हतं. रस्त्याला वळण होतं. रात्र होती. टायर नेमका तिथंच बसला, पुढच्या सरळ रस्त्यावर नाही. तुम्हाला घरून हलता येत नव्हतं, कारण शेताची वीज रात्री येत होती, आणि ती कधी द्यायची हे तुम्ही ठरवत नाही. भाऊ दमलेला होता, भुकेला होता, घरी लवकर पोचायचं होतं. आईला मधुमेह आहे. या सगळ्यात तुमचं ‘जाऊन ये की जरा’ आहे. आहेच. ते पुसून टाका असं मी म्हणणार नाही, कारण ते खोटं होईल आणि खोट्यानं तुम्हाला झोप लागणार नाही. पण ते या सगळ्यांतलं एक आहे. तुम्ही बाकीचं सारं डोळ्यांआड करून त्या एका वाक्यावर अख्खं मरण ठेवलंत. ते वाक्य एवढं पेलू शकत नाही, आणि तुम्हीही नाही.

न्यायाधिकरणसुद्धा असंच बघतं. मागून धडक बसली तर उभ्या वाहनाची निष्काळजी किती, येणाऱ्याची किती, हे वाटून ठरवतात. त्या वाटणीत ‘गोळ्या आणायला पाठवलं’ याचा रकानाच नसतो.

तरी तुम्ही म्हणाल, विसरलो ते विसरलोच ना? हो. बाजारला जाऊन आईच्या गोळ्या विसरणं ही चूक आहे, लहान चूक. इतकं मोठं दुःख आलं म्हणजे त्याच्या मुळाशी तितकीच मोठी चूक असणार, असं आपलं मन धरून चालतं. मोठी चूक सापडली नाही की ते लहान चुकीलाच ओढून ताणून मोठं करतं. तुमचं तेच झालंय. त्याच सकाळी त्या बाजारात किती जण काय काय विसरून घरी गेले असतील. कुणाचं मीठ राहिलं, कुणाचं औषध. त्यांचं विसरणं तुमच्याहून वेगळं नव्हतं.

‘चेतनाहं, भिक्खवे, कम्मं वदामि.’ अंगुत्तर निकायातलं हे वचन तुमच्याकडं विहारात म्हणतात की नाही मला ठाऊक नाही, पण मला विचाराल तर ते प्रत्येक घरात ठाऊक असायला हवं. भिक्खूंनो, चेतना म्हणजेच कर्म, असं मी म्हणतो. मनात धरून केलेलं ते कर्म. धम्मपदाच्या पहिल्याच गाथेवर अट्ठकथेत, म्हणजे जुन्या टीकेत, आंधळ्या चक्खुपाल थेरांची, एका ज्येष्ठ भिक्खूंची, गोष्ट सांगितली आहे. रात्री पाऊस पडून गेला होता. पहाटे थेर नेहमीप्रमाणं चंक्रमण करत होते, येरझाऱ्या घालत होते. पावसानंतर मृगाचे लाल किडे निघतात ना, तसले किडे वाटेवर आले होते, ते पायाखाली मेले. सकाळी आलेल्या भिक्खूंनी बुद्धांकडं तक्रार केली. बुद्धांनी विचारलं, तुम्ही त्यांना मारताना पाहिलंत? नाही. जसं तुम्हाला ते दिसले नाहीत, तसेच त्यांना किडे दिसले नाहीत. मारण्याची चेतना तिथं नव्हती.

किडे मेले नाहीत असं बुद्ध म्हणाले नाहीत, आणि थेरांचे पाय तिथं पडले नाहीत असंही नाही. पाय पडले, किडे मेले. तरी ते पाणातिपात, म्हणजे जीवहत्या, नव्हतं. तुम्ही दर पौर्णिमेला पंचशील घेत असाल तर पहिलं शील तुम्ही मोडलेलं नाही, हे मनात पक्कं धरा. तुमच्या चेतनेत त्या रात्री आईची काळजी होती आणि उसाच्या पाण्याची घाई होती. दुसरं काही नव्हतं.

(ज्यांनी ती अट्ठकथा वाचली आहे ते मला आठवण करून देतील की त्याच गोष्टीत पुढं थेरांच्या आंधळेपणाला मागच्या जन्मातलं एक पाप चिकटवलेलं आहे. ते मी विसरलेले नाही. उलट त्यामुळंच आत्यांच्या बोलण्याकडं वळते.)

आत्या वाईट बाई आहेत असं मला वाटत नाही. भाचा गेल्यावर त्यांनाही काहीतरी हाताला धरायला हवं आहे. पण त्या जे म्हणतात ते बुद्धांचं नाही. राजगृहाच्या वेळुवनात सीवक नावाच्या परिव्राजकानं, फिरत्या संन्याशानं, बुद्धांना हेच विचारलं होतं: काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात, माणूस जे जे सुख-दुःख भोगतो ते सगळं पूर्वी केलेल्यामुळं, तुमचं काय म्हणणं? बुद्धांनी एक एक मोजलं. पित्तानं वेदना होते, कफानं होते, वातानं होते, तिन्हींच्या मिळून होते, ऋतू बदलल्यानं होते, शरीराची नीट निगा न राखल्यानं होते, बाहेरून आलेल्या आघातानं होते, आणि कर्माच्या विपाकानं, म्हणजे फळानंही होते. आठ झाली. सगळंच पूर्वकर्मामुळं असं म्हणणारे, स्वतःला जे कळतं आणि जगाला जे खरं म्हणून ठाऊक आहे, त्याच्या पलीकडं धावतात, असं बुद्ध तिथं म्हणाले.

बाहेरून आलेला आघात, दादा. अडीच हजार वर्षांपूर्वी बुद्धांनी त्याला वेगळी ओळ दिली होती. त्या वळणावर जे झालं ते त्या ओळीत बसतं.

बाबासाहेब तर याच्याही पुढं गेले. त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली आलेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये त्यांनी मागच्या जन्मीच्या कर्माचा सिद्धांत बुद्धांच्या माथी मारू नये असं बजावलं आहे, आणि असल्या सिद्धांताचा उपयोग एवढाच की गरिबाच्या आणि खालच्या मानलेल्याच्या स्थितीची जबाबदारी राज्याला आणि समाजाला झटकता येते, असंही. जुन्या सुत्तांत कर्मविपाक आठातला एक म्हणून उरतो, बाबासाहेब मागच्या जन्माचा हिशेबच बंद करतात. या दोन वाचनांत अंतर आहे आणि ते झाकायची मला गरज वाटत नाही. मी बाबासाहेबांच्या बाजूनं आहे. पण कुठल्याही बाजूनं पाहिलं तरी तुमच्या भावजयीवर बोट ठेवायला जागा नाही.

आणि हे आपल्या भागात तरी आपण विसरू नये. बाबासाहेब १९२५ च्या एप्रिलमध्ये बहिष्कृत परिषदेसाठी निपाणीला आले होते. तेव्हा तिथं जमलेल्या आपल्या पणज्या-आज्यांना गावानं काय सांगून ठेवलं होतं? पाणवठा बंद, देऊळ बंद, कारण मागच्या जन्माचं. ते वाक्य आपल्या माणसांनी मोठ्या कष्टानं उंबऱ्याबाहेर टाकलं. आज ते आपल्याच घरातल्या एका विधवा मुलीसाठी परत आत येतंय. आत्यांशी भांडू नका. पण पुढच्या वेळी त्या बोलल्या की तुम्ही, घरातला कर्ता माणूस म्हणून, सगळ्यांसमोर शांतपणं म्हणा: ‘आत्या, हे आपल्या धम्मात नाही. ट्रॉलीला दिवा नव्हता.’ एवढंच.

याच्यातच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. भावजयीला सांगावं का? सांगावं. तुमच्या मनावरचं ओझं उतरावं म्हणून नव्हे. तुम्ही गप्प राहता, तेव्हा त्या घरात मरणाला एकच कारण बोलून दाखवलं जातं, आणि ते तिच्याकडं बोट करतं. तो आपणहून गेला असं तिला वाटतं, म्हणजे रात्री ती हेही विचारत असेल, ‘मी त्याला अडवलं का नाही, जेवून जा का म्हटलं नाही?’ तुमच्याजवळचे दोन तुकडे तिच्या हिशेबात नाहीत. ते तिचे आहेत, तिला द्या.

बुद्धांनी आपल्या मुलाला, राहुलाला, शिकवलं ते हेच. आरशात बघावं तसं आपल्या करणीकडं करण्याआधी, करताना आणि केल्यावर बघ. हातून किंवा बोलण्यातून कुणाचं नुकसान झालं असं दिसलं, तर ते जाणत्या माणसापुढं उघड कर आणि पुढं जपून राहा. राहुलाला दिलेल्या या उपदेशाचा उल्लेख सम्राट अशोकानं बैराटच्या शिलालेखात केला आहे, भिक्खूंनी आणि उपासकांनीही तो पुन्हा पुन्हा ऐकावा म्हणून. उघड कर, आणि पुढं जपून राहा. मध्ये ‘जन्मभर जळत राहा’ असं काही नाही.

सांगताना तुमची बायको जवळ असू द्या. आधी तिला सांगा, तिच्याकडून भावजयीचा कल कळेल. दिवसा सांगा, पोरं शाळेत असताना. थोडक्यात सांगा: ‘सकाळी मी गोळ्या विसरलो होतो. रात्री मीच त्याला जा म्हटलं. नंतर डब्यात एक पट्टी सापडली. हे तुला माहीत नव्हतं, माहीत असायला हवं होतं.’ आणि थांबा. ‘मला माफ कर’ असं लगेच म्हणू नका. माफी मागितली की उत्तर द्यायचा भार तिच्यावर येतो, मग नवरा गेलेल्या बाईलाच थोरल्या दिराची समजूत काढत बसावं लागतं. ती रडेल, चिडेल, कदाचित महिनाभर बोलणार नाही, माहेरी जाईन म्हणेल. तिला तेवढी मोकळीक द्या. तिचा राग हाही हेतू-प्रत्ययांनी उपजलेला आहे, तो कायमचा नसतो. आणि न्यायाधिकरणाच्या कामासाठी तिच्याबरोबर जायचं तेवढं मात्र चुकवू नका, ती बोलो न बोलो.

तुमच्या जळण्याबद्दलही दोन शब्द. धम्मात त्याला नाव आहे, कुक्कुच्च. केलेल्याचा आणि न केलेल्याचा पस्तावा. पाच नीवरणांत, म्हणजे मनाला झाकून टाकणाऱ्या पाच गोष्टींत, तो मोजलेला आहे. आपल्याला वाटतं, जितका जास्त जळेन तितकं माझं भावावरचं प्रेम खरं. धम्म त्याला पुण्य मानत नाही, अडथळा मानतो. नाळंद्याच्या आंबराईत एका गामणीला, गावच्या मुखियाला, बुद्धांनी सांगितलं आहे: माझ्या हातून वाईट झालं हे श्रावक, म्हणजे बुद्धांचा शिष्य, ओळखतो, आणि हेही ओळखतो की मी पस्तावत बसलो म्हणून झालेलं न झालेलं होणार नाही. म्हणून तो ते सोडतो आणि पुढं तसं होऊ देत नाही. हे तर जाणूनबुजून केलेल्या वाईटाबद्दल म्हटलंय. तुमचं तेवढंही नाही.

‘पुढं तसं होऊ देत नाही’ हा तुमच्यासाठी कामाचा भाग आहे. वचनाचा दुसरा अर्धा आठवा: इमस्मिं असति, हे नसलं की ते होत नाही. एवढ्या सगळ्या कारणांत तुमच्या हाताला येणारं कुठलं? रात्र नाही, वळण नाही, विजेची वेळ बदलायला तर अख्खं गाव लागेल. पण रेडियम येतं. दिवाळीच्या आगेमागे गाळप सुरू होईल. कारखान्याच्या काट्यापुढं ट्रॉल्यांची रांग लागते, तिथं लाल रेडियमची गुंडाळी आणि एक फडकं घेऊन उभं राहायचं. फळीवरची धूळ पुसायची आणि मोळ्यांनी झाकणार नाही अशा जागी, अगदी खाली आणि दोन्ही टोकांना, पट्टी चिकटवायची. ड्रायव्हर नको म्हणत नाहीत, त्यांनाही घरी पोरं आहेत. पंक्चर झाली तर मागं पन्नास पावलांवर पाला टाका, कुणालातरी बॅटरी घेऊन उभं करा, हे त्यांच्याशी बोलायचं. ऊसतोड टोळीतली माणसं बीडकडची असतील, मराठी समजतील, ड्रायव्हर आपल्याकडचे असतील तर कन्नडमध्ये सांगा. हे प्रायश्चित्त म्हणून करू नका. प्रायश्चित्तात पुन्हा ‘मी’ येतो. एक प्रत्यय काढून घ्यायचा आहे म्हणून करा.

आता शेवटचं. खरं तर पत्र वाचल्यापासून मला हेच आधी लिहायचं होतं, पण तुमचं मन थोडं मोकळं झाल्याशिवाय ते तुम्हाला पेललं नसतं.

‘पोरगी मागत नाही. आता ती काहीच मागत नाही.’ हे तुम्ही तुमच्या दुःखाच्या ओघात लिहून टाकलंत. दादा, सात वर्षांची मुलगी अचानक मागायचं का सोडते? तिनं रंगपेटी मागितली होती. पप्पा ती आणायला दुकानात थांबला. तो परत आला नाही. ती तुमच्यासारखंच मोजत बसली आहे. मी मागितली नसती तर तो पाच मिनिटं आधी निघाला असता. मी मागितली नसती तर. या वयाच्या पोरांना सगळं आपल्यामुळंच घडतं असं वाटतं, आणि ती ते कुणाला सांगत नाहीत. आईसुद्धा बहुतेक मोजत असतील, गोळ्या त्यांच्याच होत्या ना? तुमच्या घरात चार माणसं चार कोपऱ्यांत बसून एकाच गुन्ह्याची कबुली लिहीत आहेत आणि एकमेकांना वाचून दाखवत नाहीत.

तुम्ही त्या पोरीला म्हणाल का, की कारण तूच? ‘हे असलं की ते होतं’ याचा तुम्ही लावलेला अर्थ खरा धरला तर म्हणावं लागेल. तिचं मागणं आणि तुमचं पाठवणं, दोन्ही त्या रात्रीच्या वाटेवर सारखीच उभी आहेत. तिच्यावर दोष ठेवताना तुमची जीभ रेटणार नाही, तर तोच नियम स्वतःलाही लावा.

भावजयीशी बोलणं झालं की तिला विचारून एका संध्याकाळी पोरीला जवळ घ्या. आत्यांसमोर नको, फार लांबण नको. म्हणा, ‘बाळ, तू रंग मागितलेस म्हणून पप्पा गेला नाही. अंधारात एक ट्रॉली उभी होती, तिला दिवा नव्हता, त्याला ती दिसली नाही.’ ती विचारेल, मग तुम्ही त्याला का पाठवलं आप्पा? विचारू द्या. सांगा, ‘आजीच्या गोळ्यांसाठी. मला ठाऊक नव्हतं तिथं ट्रॉली आहे. ठाऊक असतं तर पाठवलं नसतं.’ हे वाक्य तिला सांगताना तुमच्याही कानावर पडेल. मग म्हणा, ‘तुझे रंग पप्पानं घेतले होते. डिकीत होते. मी इतके दिवस दिले नाहीत, ती माझी चूक.’

आणि रंगपेटी कपाटातून काढून तिच्याकडं द्या. तिनं लगेच उघडली नाही तर उघड म्हणून मागं लागू नका. तिचा हात पुरेल अशा खालच्या फळीवर ठेवा, दप्तराच्या शेजारी.